रस्ता रुंद होतो तेव्हा

बाजारपेठेतील जुन्या वाड्याच्या भिंतीवर एके दिवशी तांबड्या रंगाचा बाण उमटतो आणि बाणाखाली एक आकडा. तो कोणी काढला, केव्हा काढला, हे शेजाऱ्यांनाही नीटसे ठाऊक नसते. दोन माणसे फीत धरून उभी होती, तिसरा वहीत काही टिपत होता, एवढेच कुणीतरी सांगतो. गावाबाहेरच्या शेतात हेच घडते ते वेगळ्या रूपात. बांधाच्या आत चार पावले एक सिमेंटचा खांब रोवलेला दिसतो, आणि ऊस तुडवून कुणी गेल्याच्या खुणा. घरातील वडीलधारी माणसे दोन्हीकडे एकच बोलतात : ‘सरकारी काम आहे, आपण काय करणार!’

या वाक्यात अर्धे सत्य आहे. सार्वजनिक रस्त्यासाठी खाजगी जमीन घेण्याचा अधिकार शासनाला आहे आणि तो असलाच पाहिजे. अन्यथा एका बांधावर अडून राहिलेल्या दोन भावांपायी अख्ख्या तालुक्याचा रस्ता थांबेल. उरलेले अर्धे सत्य मात्र फारसे कुणी सांगत नाही. शासनाला जमिनीत शिरायचे तर ठरलेल्या दारानेच शिरावे लागते. नोटीस, सुनावणी आणि मोबदला हे त्या दाराचे तीन उंबरठे. कुंपण मोडून आत येण्याची मुभा कोणत्याही कायद्याने दिलेली नाही.

राज्यघटना अमलात आली तेव्हा मालमत्तेचा हक्क हा मूलभूत हक्क होता. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने तो मूलभूत हक्कांच्या यादीतून गेला आणि अनुच्छेद ३००-अ मध्ये येऊन बसला. कायद्याने दिलेल्या अधिकाराखेरीज कोणाही व्यक्तीस तिच्या मालमत्तेपासून वंचित करता येणार नाही, असा त्याचा आशय. ‘मूलभूत हक्क गेला, म्हणजे सगळेच गेले’ असा समज त्यानंतर बराच पसरला आणि कित्येक कार्यालयांना तो सोयीचाही ठरला. सर्वोच्च न्यायालयाने गेल्या काही वर्षांत तो पुरता खोडून काढला आहे. १६ मे २०२४ रोजी कोलकाता महानगरपालिकेच्या एका प्रकरणात न्यायालयाने या एका अनुच्छेदाच्या पोटात सात हक्क असल्याचे सांगितले. आधी नोटीस मिळणे, आपले म्हणणे ऐकले जाणे, कारणांसह निर्णय मिळणे, संपादन सार्वजनिक प्रयोजनासाठीच असणे, न्याय्य मोबदला, कार्यवाही वेळेत व कार्यक्षमतेने होणे, आणि ती प्रत्यक्ष पूर्णत्वाला जाणे. शेवटचा हक्क वाचताना क्षुल्लक वाटतो. ज्याची जमीन तीस वर्षे ‘संपादनाखाली’ लटकून राहिली, जी त्याला ना विकता आली ना बांधता आली, त्याला त्याचे मोल विचारावे.

तेव्हा भिंतीवर बाण दिसला की पहिला प्रश्न हा : ही खूण कशाची? मोजणीची, तात्पुरत्या वापराची, रस्तारेषेची, की कायमच्या संपादनाची? या चार गोष्टींचे कायदे वेगळे, मुदती वेगळ्या आणि मालकाचे हक्कही वेगळे. बहुतेक वेळा नुकसान होते ते या चारांची सरमिसळ झाल्याने.

मोजणीचे आधी पाहू. १ जानेवारी २०१४ पासून १८९४ चा इंग्रजी अमदानीतला कायदा जाऊन २०१३ चा भूसंपादन, पुनर्वसन व पुनर्स्थापना कायदा आला. त्याच्या कलम १२ नुसार अधिसूचनेनंतर अधिकाऱ्यांना जमिनीत येऊन मोजणी करणे, पातळी घेणे, जमीन खणून पाहणे, खुणा लावणे या गोष्टींची मुभा आहे. मात्र हे काम मालकाच्या किंवा त्याने लेखी नेमलेल्या माणसाच्या उपस्थितीत व्हावयाचे आहे. त्याच्या गैरहजेरीत करायचे तर किमान साठ दिवस आधी नोटीस देऊन हजर राहण्याची संधी दिलेली असली पाहिजे. राहत्या घरात, बंदिस्त अंगणात किंवा घरालगतच्या बागेत रहिवाशाच्या संमतीविना शिरायचे असेल तर किमान सात दिवसांची लेखी नोटीस लागते. मोजणीत पीक तुडवले गेले, झाड तुटले, कुंपण मोडले, तर त्याची भरपाईही द्यावयाची आहे. राष्ट्रीय महामार्गांसाठी १९५६ चा स्वतंत्र कायदा आहे. त्यातही कलम ३-अ ची अधिसूचना निघाल्यावरच मोजणी व पाहणीसाठी प्रवेश करता येतो.

म्हणून आलेल्या माणसांशी वाद घालण्यापेक्षा त्यांना दोन गोष्टी विचाराव्यात : कोणत्या कायद्याखाली आणि कोणत्या तारखेच्या अधिसूचनेने? उत्तर मिळाले तर ते वहीत उतरवून घ्यावे. नाही मिळाले तर तसेही उतरवून ठेवावे. संयुक्त मोजणीच्या दिवशी मात्र स्वतः हजर राहावे. त्या दिवशी विहीर, बोअर, पाइपलाइन, फळझाडे, शेड, बांधीव पायऱ्या, कुंपण असे जे जे पंचनाम्यात लिहिले जाते त्याचाच मोबदला पुढे मिळतो. लिहायचे राहून गेलेले आंब्याचे झाड नंतर कागदावर उगवत नाही. परगावी स्थायिक झालेले भाऊ या दिवशी हमखास अनुपस्थित असतात, आणि नंतर तेच सर्वांत मोठ्या आवाजात विचारतात की झाडे किती धरली.

दुसरा प्रकार तात्पुरत्या वापराचा. रस्त्याचे काम सुरू झाले की ठेकेदाराला खडीचा ढीग घालायला, यंत्रे उभी करायला, मजुरांच्या झोपड्यांना आणि वळणरस्त्याला जागा लागते. २०१३ च्या कायद्यातील कलम ८१ अन्वये पडीक किंवा लागवडीची जमीन जास्तीत जास्त तीन वर्षे तात्पुरत्या ताब्यात घेता येते, तीही मोबदला ठरवून. आणि मुदत संपल्यावर झालेल्या हानीच्या भरपाईसह ती परत करावी लागते. प्रत्यक्षात या वाटेने फार थोडे जातात. ठेकेदार परस्पर शेतमालकाशी बोलतो, हातावर काही रक्कम ठेवतो आणि काम सुरू होते. यात बेकायदेशीर काही नाही. खाजगी करार करण्यास दोघेही मोकळे आहेत. पण तो करार कागदावर असावा. मुदत, भाडे, जमीन पूर्ववत करून देण्याची अट आणि अनामत रक्कम एवढ्या चार गोष्टी त्यात हव्यातच. खडीच्या ढिगाखाली तीन वर्षे राहिलेल्या काळ्या मातीत पुन्हा पीक उभे करायला काय लागते, हे ज्याने नांगर धरला त्यालाच ठाऊक.

मुरमाची गोष्ट त्याहून गंभीर. ठेकेदार म्हणतो, ‘तुमची टेकडी सपाट करून देतो, शेतही होईल आणि पैसेही मिळतील.’ माती-मुरूम ही गौण खनिजे आहेत. त्यांच्या उत्खननाला महसूल खात्याची परवानगी आणि स्वामित्वधन लागते. परवानगी नसेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ (७) खाली बाजारमूल्याच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो, आणि ज्याच्या गटातून मुरूम गेला त्या मालकाच्या नावे नोटीस निघू शकते. तोवर ठेकेदार पुढच्या जिल्ह्यात पोहोचलेला असतो. परवान्याची प्रत हातात पडल्याविना पहिला डंपर भरू देऊ नये.

आता मुख्य विषय, कायमच्या संपादनाचा. येथे एका वृद्धेची हकीकत सांगणे अगत्याचे आहे.

हिमाचल प्रदेशातील हमीरपूर जिल्ह्यात नादौन ते सुजानपूर असा रस्ता आहे. १९६७-६८ मध्ये तो करताना एका ग्रामीण विधवेची ३.३४ हेक्टर जमीन त्यात गेली. अधिसूचना निघाली नाही, नोटीस आली नाही, निवाडा झाला नाही, एक रुपयाही मिळाला नाही. रस्ता झाला, गाड्या धावू लागल्या. ती बाई निरक्षर. आपल्याला काही मागता येते हेच तिला ठाऊक नव्हते. पुढे शेजारच्या काही मालकांनी उच्च न्यायालयात धाव घेतली, २००७ मध्ये त्यांच्या बाजूने आदेश झाला आणि त्यांच्या जमिनींचे रीतसर संपादन करून मोबदला देण्यात आला. हे कळल्यावर २०१० मध्ये तीही न्यायालयात गेली. राज्य शासनाने उत्तर काय दिले, तर बेचाळीस वर्षे जमीन आमच्या ताब्यात आहे, सबब प्रतिकूल कब्जाने आम्हीच मालक झालो! शिवाय त्या काळी तोंडी संमती होती, असेही सांगितले गेले. २०१३ मध्ये उच्च न्यायालयाने तिला दिवाणी दावा करण्याचा मार्ग दाखवला. वयाच्या त्या टप्प्यावर दिवाणी दावा म्हणजे काय, हे ज्यांनी कोर्टाची पायरी चढली आहे त्यांना सांगणे नको.

८ जानेवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला तेव्हा ती ऐंशीच्या घरात होती. कल्याणकारी राज्याला आपल्याच नागरिकाच्या जमिनीवर प्रतिकूल कब्जाचा दावा करता येणार नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले. तोंडी संमतीची सबब निराधार ठरवली. जमीन घेतली तेव्हा मालमत्तेचा हक्क अजून मूलभूत हक्क होता, याचीही नोंद घेतली. विलंबाचा आक्षेप फेटाळून शेजारच्या जमिनींप्रमाणेच मोबदला, दिलासा रक्कम आणि व्याज आठ आठवड्यांत देण्याचा आदेश झाला. अर्धे शतक उलटून गेले होते. दोन वर्षांनी, २०२२ मध्ये, त्याच राज्यातील दुसऱ्या एका रस्त्याबाबत, १९७२-७३ मध्ये घेतलेल्या जमिनीसंबंधी, न्यायालयाला पुन्हा तेच सांगावे लागले.

हिमाचल दूर असले तरी ‘तोंडी संमती’ हा शब्द महाराष्ट्राला परका नाही. ग्रामीण रस्त्यांसाठी गावकऱ्यांनी आपणहून जमीन सोडण्याची रीत येथे जुनी आहे. डिसेंबर २००० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत तर जमिनीसाठी निधीच नसतो. जमीन उपलब्ध करून देणे ही राज्याची जबाबदारी, आणि व्यवहारात ती गावाच्या चांगुलपणावर येऊन पडते. देणे ही मोठी गोष्ट आहे आणि रस्त्यासाठी दिलेली जमीन पिढ्यान्‌पिढ्या उपयोगी पडते, यात शंका नाही. पण दान दात्याच्या इच्छेने आणि त्याच्या माहितीने व्हावे. किती गुंठे, कोणत्या गटातून, कोणत्या बाजूने, याचा उल्लेख करून लेखी संमतीपत्र करावे, सर्व सहहिस्सेदारांच्या सह्या घ्याव्यात आणि प्रत आपल्याजवळ ठेवावी. आजोबांनी चावडीवर ‘घ्या रस्ता’ म्हटले ते तीन मीटरच्या बैलगाडीवाटेला. त्याच शब्दांवर नातवाच्या वेळी बारा मीटरचे डांबर अंथरले जाऊ नये. बारा मीटर हवे असतील, तर उरलेल्या नऊ मीटरांचा विचार कायद्याप्रमाणे व्हायला हवा.

उत्तर प्रदेशातील महाराजगंज येथील प्रकरण बाजारपेठेत घरे-दुकाने असलेल्यांनी मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखे आहे. राष्ट्रीय महामार्गाच्या रुंदीकरणासाठी तेथे २०१९ च्या सप्टेंबरात एका कुटुंबाचे वडिलोपार्जित घर पाडण्यात आले. अतिक्रमणाचा आरोप ३.७० मीटरचा होता; पाडकाम त्याच्या कितीतरी पुढे गेले. लेखी नोटीस नाही, सुनावणी नाही. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राज्याला २५ लाख रुपयांची अंतरिम भरपाई देण्यास सांगितले, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे रस्ता रुंद करण्यापूर्वी काय काय करावे याचा क्रम घालून देऊन तो सर्व राज्यांना कळवण्याचा आदेश दिला. आधी अभिलेख व नकाशांवरून रस्त्याची मूळ रुंदी ठरवावी. मग त्या नकाशाच्या आधारे मोजणी करून अतिक्रमण आहे का ते पाहावे. आढळल्यास लेखी नोटीस द्यावी. मालकाने हरकत घेतली तर कारणांसह आदेश काढावा. हरकत फेटाळली तरी अतिक्रमण स्वतः काढून घेण्यास वाजवी मुदत द्यावी. आणि शासनाची जागा धरूनही रस्ता पुरेसा रुंद होत नसेल, तर लागणारी खाजगी जमीन भूसंपादनाच्या कायद्याने घ्यावी.

या क्रमातली पहिली पायरीच मालकाच्या सर्वाधिक कामाची आहे. रस्त्याची मूळ रुंदी किती, हे कनिष्ठ अभियंत्याच्या फितीवर ठरत नाही. ते भूमी अभिलेख कार्यालयातील नकाशावर आणि सिटी सर्व्हेच्या मालमत्ता पत्रकावर ठरते. म्हणून जुन्या बाजारपेठेत घर असणाऱ्याने मालमत्ता पत्रक, चौकशी नोंदवहीचा उतारा आणि मोजणी नकाशा यांच्या प्रती आधीच काढून ठेवाव्यात. कधीकधी या नकाशातून नको असलेले उत्तरही निघते : पुढचा ओटा खरोखरच रस्त्याच्या हद्दीत असतो. तसे असेल तर तेवढ्या भागाच्या मोबदल्याची आशा धरून भांडण्यात अर्थ नाही. ओटा काढून घेऊन मागची भिंत वाचवणे हाच शहाणपणाचा व्यवहार.

शहरातील तिसरी खूण रस्तारेषेची. महानगरपालिकेच्या हद्दीत १९४९ च्या महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमातील कलम २१० खाली रस्त्याची नियमित रेषा ठरवली जाते आणि रेषेच्या आत येणारे बांधकाम मागे घ्यायला सांगता येते. अशा जागेचा मोबदला कलम २१६ मध्ये सांगितला आहे. विकास आराखड्यातील रस्त्यासाठी १९६६ च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमाचे कलम १२६ लागू होते. त्यात तीन वाटा आहेत : वाटाघाटीने रक्कम, चटईक्षेत्र किंवा हस्तांतरणीय विकास हक्क, अथवा सक्तीचे संपादन. पालिकांची तिजोरी नेहमीच ओढग्रस्त, त्यामुळे दुसऱ्या वाटेचा आग्रह जास्त होतो. विकास हक्क प्रमाणपत्र ही वाईट गोष्ट नाही. मात्र रोख रक्कम आणि प्रमाणपत्र एकाच तागडीत तोलू नयेत. प्रमाणपत्राचा भाव बाजारावर असतो आणि लहान शहरात त्याला गिऱ्हाईकच नसण्याचा संभव असतो. संमतीपत्रावर सही करण्यापूर्वी आपल्या शहरात असे हक्क अलीकडे कोणी, कोणत्या दराने घेतले, याची चौकशी करावी.

त्याच अधिनियमाचे कलम १२७ ज्यांच्या भूखंडावर आराखड्यातला रस्ता नुसताच रेखून ठेवला आहे त्यांच्यासाठी आहे. अंतिम आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत संपादन झाले नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. नोटीस पोहोचल्यापासून चोवीस महिन्यांत जमीन घेतली गेली नाही किंवा संपादनाची पावले उचलली गेली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होते. ही पावले म्हणजे केवळ ठराव किंवा पत्रव्यवहार नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सांगून ठेवले आहे.

मुदतींकडे आता वळले पाहिजे, कारण जमिनीचे दावे बहुधा तेथेच हरतात. राष्ट्रीय महामार्गाच्या बाबतीत कलम ३-अ ची अधिसूचना राजपत्रात प्रसिद्ध झाल्यापासून हरकतीला फक्त एकवीस दिवस मिळतात. तिचा गोषवारा दोन स्थानिक वृत्तपत्रांत येतो, त्यांतील एक प्रादेशिक भाषेतील. आणि तो येतो बारीक अक्षरांत, गटनंबरांच्या रकान्यात, जेथे सहसा कुणाची नजर जात नाही. पुण्या-मुंबईत राहणाऱ्या आणि गावी जमीन असणाऱ्या कुटुंबांनी तलाठ्याकडे आपला चालू पत्ता व दूरध्वनी नोंदवणे आणि गावातील एखाद्या जाणत्या माणसाशी संपर्क ठेवणे हाच यावर उपाय. २०१३ च्या कायद्यात हरकतीला साठ दिवस आहेत. हरकतीतून प्रकल्प सहसा रद्द होत नाही, हे खरे. तरीही आखणी थोडी सरकवणे, विहीर वाचवणे, दोन तुकडे होणाऱ्या शेताला खालून वाट मागणे, सेवारस्त्याची मागणी नोंदवणे या गोष्टी याच वेळी मागाव्या लागतात. महामार्ग उंच भरावावर उभा राहिला की पलीकडच्या दीड एकरात बैल कसे न्यायचे, हा प्रश्न ऐकायला कोणी उरत नाही. घराचा काही भागच संपादनात जात असेल, तर २०१३ च्या कायद्यातील कलम ९४ खाली मालकाला संपूर्ण इमारत घेण्याचा आग्रह धरता येतो. दहा फुटांचे दुकान सहा फुटांवर आले की तेथे धंदा होत नाही. या तरतुदीची माहिती फार थोड्या दुकानदारांना असते.

मोबदल्याचा हिशेब अवघड वाटतो, पण त्याची मांडणी सरळ आहे. वार्षिक मूल्य दर तक्त्यातील किंमत आणि परिसरातील मागील तीन वर्षांच्या खरेदीखतांपैकी चढ्या दराच्या निम्म्या खतांची सरासरी, यांतील अधिक ते बाजारमूल्य धरायचे. संमतीने रक्कम ठरली असल्यास तीही तुलनेत येते. ग्रामीण भागात त्याला राज्याने ठरवलेल्या एक ते दोनच्या गुणांकाने गुणायचे. त्यात झाडे, विहीर, बांधकाम यांचे मूल्य मिळवायचे. जेवढी बेरीज येईल तेवढीच दिलासा रक्कम, म्हणजे शंभर टक्के. शिवाय संपादनाच्या प्रारंभीच्या अधिसूचनेपासून निवाडा किंवा ताबा यांपैकी जे आधी घडेल तोपर्यंत बाजारमूल्यावर दरसाल बारा टक्के. समजा दहा गुंठ्यांचे बाजारमूल्य १० लाख रुपये, गुणांक दोन, विहीर व झाडे २ लाखांची. बेरीज २२ लाख. दिलासा धरून ४४ लाख. आणि दीड वर्षाचे बारा टक्क्यांनी १ लाख ८० हजार. गुणांक एकच धरला तर हीच रक्कम २५ लाख ८० हजारांवर उतरते. ‘चौपट मोबदला’ हे शब्द सभेत ऐकून आनंदण्यापूर्वी आपल्या प्रकल्पाला कोणता गुणांक लागू आहे ते अधिसूचनेत पाहावे, हे यावरून ध्यानी यावे.

या हिशेबात एक जुनी उणीव होती. महामार्ग कायद्याखालील संपादनात १९९७ ते २०१५ या काळात दिलासा रक्कम आणि त्यावरील व्याज मिळत नसे. एकाच गावात पाटबंधाऱ्यासाठी गेलेल्या जमिनीला दिलासा आणि महामार्गात गेलेल्या जमिनीला नाही, हा भेद सर्वोच्च न्यायालयाने १९ सप्टेंबर २०१९ रोजी घटनाविरोधी ठरवला. तो निकाल मागील प्रकरणांना लागू करू नये ही महामार्ग प्राधिकरणाची मागणीही फेब्रुवारी २०२५ मध्ये अमान्य झाली. त्या काळात ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांनी आपले जुने निवाडे पेटीतून काढून जाणत्या वकिलाला अवश्य दाखवावेत.

रक्कम कमी वाटली तर ती घेऊ नये असा सल्ला कट्ट्यावर हमखास मिळतो. तो घातक आहे. रक्कम घ्यावी, परंतु ‘हक्क राखून, निषेधासह स्वीकारली’ असे लेखी नोंदवून घ्यावी. २०१३ च्या कायद्यानुसार निषेधाविना रक्कम स्वीकारणाऱ्याला वाढीव मोबदल्यासाठी पुढे अर्ज करता येत नाही. निवाड्याच्या वेळी हजर असणाऱ्याला या अर्जासाठी सहा आठवडेच मिळतात. महामार्गाच्या बाबतीत वाट केंद्र शासनाने नेमलेल्या लवादाकडे जाते. ताब्याच्या बाबतीत दोन्ही कायदे मालकाच्या बाजूने आहेत : पहिल्यात मोबदला दिल्यावरच ताबा, दुसऱ्यात रक्कम जमा झाल्यावर साठ दिवसांच्या नोटिशीने. तेव्हा कोऱ्या ताबा पावतीवर ‘औपचारिकता आहे’ म्हणून मागितलेली सही कितीही गोड शब्दांत मागितली तरी देऊ नये.

रक्कम मंजूर होऊनही महिनोन्‌महिने अडकते ती बहुधा घरातल्याच कागदांपायी. वडिलांना जाऊन बारा वर्षे झाली तरी वारस नोंद नाही. बहिणींची नावे लागलेली नाहीत. चुलत्याशी वाटणी तोंडीच झालेली. सातबाऱ्याच्या इतर हक्कांत १९९० च्या सुमारास घेतलेल्या पीककर्जाचा बोजा तसाच, कर्ज केव्हाच फिटलेले. हिस्सेदारांत वाद असला की रक्कम प्राधिकरणाकडे जमा होते आणि भांडण मिटेपर्यंत तेथेच राहते. बँकेकडून बेबाकी दाखला घेऊन बोजा कमी करण्याचा फेरफार शांततेच्या काळात आठवड्यांचे काम असते. निवाड्याच्या घाईत त्यालाच वर्ष लागते, कारण ती शाखा दुसऱ्या बँकेत विलीन झालेली असते आणि जुने खातेवह्यांचे गठ्ठे कुठे आहेत हे कुणालाच सांगता येत नाही. संस्थांच्या व मंदिरांच्या जागांबाबत विश्वस्तांच्या बदलाची नोंद धर्मादाय कार्यालयात अद्ययावत नसेल, तर सही कोणी करायची येथपासून प्रश्न उभा राहतो.

करासंबंधी थोडेसे. २०१३ च्या कायद्याखालील निवाड्याच्या किंवा कराराच्या रकमेला त्याच कायद्याच्या कलम ९६ ने आयकरातून सूट आहे, आणि केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने ऑक्टोबर २०१६ च्या परिपत्रकात ते स्पष्ट केले आहे. विलंबापोटी मिळणाऱ्या व्याजाचा भाग निराळा आणि करपात्र धरला जातो. अन्य कायद्यांखालील संपादन व थेट खरेदी यांबाबत सनदी लेखापालाचा सल्ला रक्कम खात्यात येण्यापूर्वी घ्यावा. मुळातून कर कापला गेला असेल तर विवरणपत्र भरल्याशिवाय तो परत मिळत नाही.

रस्ता पूर्ण होतो, धूळ बसते, नव्या डांबरावर गाड्या धावू लागतात. एक काम तरीही शिल्लक असते. संपादनात गेलेले क्षेत्र सातबाऱ्यावरून वजा झाले का, भूमी अभिलेखात कमी-जास्त पत्रक होऊन नकाशा दुरुस्त झाला का, हे पाहायचे. कित्येक ठिकाणी ते होत नाही. चाळीस गुंठ्यांतले अकरा गुंठे रस्त्यात गेलेले असतात आणि उताऱ्यावर चाळीसच राहतात. दहा वर्षांनी मुलगा ती जमीन विकायला काढतो. खरेदीदाराची मोजणी होते. कागदावरची चाळीस गुंठे जागेवर एकोणतीस भरतात. इसार दिलेला असतो, तारीख ठरलेली असते, आणि रस्त्याच्या कडेला फीत धरून दोन माणसे पुन्हा उभी असतात.